पहिल्या धारेचे रसायन

'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या धारेची शिवी, पहिल्या धारेचा तमासगीर, असे आपण सहज बोलून जातो. शहरातल्या माणसाला त्यामागची धार ठाऊक असेलच असे नाही. आमच्या तलासरीकडच्या पाड्यांवर मात्र हा शब्द शब्दशः खरा आहे. मोहाच्या भट्टीतून नळीवाटे जी पहिली धार गळते ती सर्वांत कडक. पुढे पुढे धार सौम्य होत जाते, आणि शेवटी जे गळते त्याला पाण्याइतकीच किंमत. हे येथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण असे का होते, हे मी लहानपणी माझ्या आज्याला विचारले तेव्हा त्याने "कडक असते ती आधी निघते" एवढेच उत्तर दिले. मी बारावीपर्यंत शास्त्र शाखेत होतो, पुढे बी. ए. ला आलो. त्या दोन वर्षांत शिकलेले बरेचसे विसरलो. परंतु आज्याच्या उत्तराच्या पुढचा भाग मला तेथे सापडला, तो विसरलो नाही. कला शाखेच्या वार्षिकात रसायनशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मिळेल, कारण या प्रश्नाशी माणसांचे डोळे आणि प्राण निगडित आहेत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भट्टी लावणे हा गुन्हा आहे, आणि हा लेख भट्टीची कृती सांगण्यासाठी लिहिलेला नाही. मला सांगायचे आहे ते उकळण्याविषयी.

फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी मोहाची फुले गळतात. बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुले वेचतात, अंगणात वाळत घालतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. ती फुले पाण्यात भिजून आंबली की किण्व त्या साखरेचा मद्यार्क, म्हणजे एथॅनॉल, बनवते. या आंबवणाला पोलिसांच्या पंचनाम्यात 'वॉश' म्हणतात. त्यात पाणी पुष्कळ आणि मद्यार्क थोडा. आता हे मिश्रण तापवले की पाण्याच्या आधी मद्यार्क वर का उठतो? मद्यार्काचा रेणू तर पाण्याच्या रेणूच्या अडीच पट जड आहे! पाण्याचा रेणूभार १८, एथॅनॉलचा ४६. जड वस्तू आधी उडावी आणि हलकी मागे राहावी, हे व्यवहाराला धरून दिसत नाही. तरीही एथॅनॉल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. (या लेखातले सर्व उत्कलनांक समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचे आहेत.)

उकळणे म्हणजे काय हे आधी पाहू. पातेल्यातले पाणी उकळते तेव्हा पाण्याचा रेणू फुटत नाही. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरूनच राहतात. सुटतो तो एका रेणूचा दुसऱ्या रेणूशी असलेला धरबंध. द्रवात रेणू एकमेकांना बिलगून सरकत असतात. उष्णता दिली की त्यांची धावपळ वाढते, आणि आतून निघणाऱ्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की जागोजाग बुडबुडे उठतात. तेव्हा उत्कलनांक हा रेणूच्या वजनाचा हिशेब नसून मुख्यतः रेणूंनी एकमेकांना किती घट्ट धरले आहे याचा हिशेब आहे.

मग रेणू एकमेकांना धरतात कशाने? येथे ध्रुवीयता येते. दोन अणू इलेक्ट्रॉनांची भागी करतात तेव्हा ती भागी नेहमीच समसमान नसते. ऑक्सिजन हा फार ओढाळ अणू आहे. तो सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो. त्यामुळे त्याच्या बाजूस किंचित ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन भार येतो. असा रेणू म्हणजे विजेचे दोन टोकांचे लहानसे चुंबकच समजा. एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाकडे ओढले जाते. या दुटोकेपणाचे माप ज्या एककात देतात त्याला 'डिबाय' म्हणतात. पीटर डिबाय या डच शास्त्रज्ञाचे ते नाव. रेणूंच्या रचनेवरील याच प्रकारच्या संशोधनासाठी त्याला १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र रेणूतल्या बंधांची ओढ असूनही सबंध रेणू ध्रुवीय असेलच असे नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन दोन विरुद्ध बाजूंना सरळ रेषेत उभे असतात. दोघे सारख्याच जोराने ओढतात आणि रस्सीखेच बरोबरीत सुटते. पाण्याचा रेणू वाकडा आहे, म्हणून तेथे ओढ शिल्लक राहते. वाकडेपणाचा फायदा होतो अशी उदाहरणे जगात थोडी. हे त्यांपैकी एक.

केवळ ध्रुवीयतेचा परिणाम पाहायचा तर डायक्लोरोएथिलीन नावाच्या द्रवाचे उदाहरण फार नामी आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. अणू तेच, संख्या तीच, वजन तेच. फरक एवढाच की एकात दोन्ही क्लोरीन एकाच बाजूस बसलेले आहेत, तर दुसऱ्यात समोरासमोर. एका बाजूस बसलेला प्रकार ध्रुवीय आहे, तो ६० अंशांना उकळतो. समोरासमोर बसलेल्यात ओढ फिटते, तो ४८ अंशांना उकळतो. बारा अंशांचा हा फरक बसण्याच्या जागेचा आहे.

आता थोडे अधिक खोलात जाऊ. जवळजवळ सारख्या वजनाचे चार पदार्थ घेऊ. पहिला प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात ब्यूटेनबरोबर हा असतो. रेणूभार ४४, ध्रुवीयता जवळजवळ शून्य. तो उणे ४२ अंशांनाच उकळतो, म्हणूनच सिलिंडरात दाबून भरावा लागतो. दुसरा डायमिथिल ईथर. रेणूभार ४६, ध्रुवीयता १.३ डिबाय, हा उणे २५ अंशांना उकळतो. तिसरा ॲसिटाल्डिहाइड. रेणूभार ४४, ध्रुवीयता २.७ डिबाय, हा २० अंशांना उकळतो. येथपर्यंत हिशेब चोख जुळतो : ध्रुवीयता वाढली, उत्कलनांक वाढला. हा ॲसिटाल्डिहाइड आंबवणातही थोडा तयार होतो, आणि पहिल्या धारेजवळ नाक नेले असता जो उग्र दर्प डोक्यात जातो त्यात त्याचा वाटा असतो. वीस अंशांना उकळणारा पदार्थ आमच्याकडच्या चैत्रातल्या उन्हात किती वेळ दम धरणार?

चौथे आपले एथॅनॉल. रेणूभार ४६. त्याची ध्रुवीयता १.७ डिबाय, म्हणजे ॲसिटाल्डिहाइडपेक्षा पुष्कळच कमी. हिशेबाप्रमाणे ते वीस अंशांच्या खालीच उकळायला हवे. पण उकळते ७८.४ ला! शिवाय गंमत अशी की डायमिथिल ईथर आणि एथॅनॉल यांच्यात अणूही तेच आणि तितकेच आहेत : दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. मांडणी बदलली आणि उत्कलनांक शंभराहून अधिक अंशांनी वर गेला. बारावीत हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले होते की तक्त्यात छपाईची चूक असावी.

चूक नव्हती. डायमिथिल ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला आहे. एथॅनॉलमध्ये तो टोकाला आहे आणि त्याच्यापुढे एक हायड्रोजन लटकलेला आहे. हायड्रोजनपाशी मुळात इलेक्ट्रॉन एकच. तो ऑक्सिजनने ओढून नेला की हायड्रोजन जवळजवळ उघडा पडतो. हा उघडा, इवलासा धन भार शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला अगदी जवळ जाऊन चिकटतो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. लॅटिमर आणि रोडबुश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये पाण्याच्या संदर्भात ही कल्पना मांडली. हा बंध रेणूच्या आतल्या बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकाच बळकट असतो. पण साध्या ध्रुवीय ओढीपेक्षा तो बराच जोरकस असतो. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लुओरीन यांना चिकटलेला हायड्रोजन असेल तरच तो नीट जमतो. ॲसिटाल्डिहाइड कितीही ध्रुवीय असले तरी त्याचे हायड्रोजन कार्बनला चिकटलेले आहेत. देण्यासाठी त्याच्यापाशी तसा हात नाही.

आमच्याकडचा तारपा नाच ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन कळेल. तारपकरी मधे, आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचणाऱ्यांची साखळी. कडेला उभा राहून टाळ्या वाजवणारा हवा तेव्हा निघून जातो. पण साखळीतल्या माणसाला बाहेर पडायचे तर दोन्हीकडचे हात सोडवावे लागतात. पाण्याचा रेणू असा दोन्हीकडून धरलेला असतो. त्याच्यापाशी द्यायला दोन हायड्रोजन आणि घ्यायला ऑक्सिजनच्या दोन मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या. म्हणजे एक रेणू चारांशी बांधला जाऊ शकतो. एथॅनॉलपाशी द्यायला हायड्रोजन एकच. म्हणून जड असूनही एथॅनॉल आधी सुटते आणि हलके पाणी मागे राहते. आज्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे.

पाण्याची ही पकड नसती तर काय झाले असते? ऑक्सिजनच्याच घराण्यातल्या गंधकाचा असाच पदार्थ म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी उणे ६० अंशांनाच उकळतो. त्याच घराण्याचा क्रम सरळ खाली ओढत आणला तर पाणी उणे ७०-८० च्या सुमारास उकळायला हवे होते. म्हणजे डहाणूचा समुद्र, कुर्झे धरण आणि आपल्या अंगातले रक्त, सारेच वायुरूप!

आता एक सावधगिरीची सूचना. 'ध्रुवीय म्हणजे उत्कलनांक जास्त' असे सूत्र परीक्षेत लिहून पुष्कळजण गुण मिळवतात, पण ते अर्धेच खरे आहे. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, ते ६१ अंशांना उकळते. कार्बन टेट्राक्लोराइड मुळीच ध्रुवीय नाही, ते ७७ अंशांना उकळते. रॉकेल अध्रुवीय, तरी त्याचे बहुतेक घटक दीडशे अंशांच्या वरच उकळतात. कारण ध्रुवीयता नसली तरी प्रत्येक रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी इकडेतिकडे हेलकावत असतात, आणि त्या क्षणिक भारांनीही शेजारी खेचला जातो. फ्रिट्झ लंडन याने १९३० मध्ये याचे गणित मांडले. रेणू जितका मोठा, जितके इलेक्ट्रॉन जास्त, तितकी ही ओढ मोठी. तेव्हा तुलना करायची ती सारख्या आकाराच्या रेणूंची. हत्ती आणि शेळीला एका तराजूत घालून उपयोग नाही.

हायड्रोजन बंधाचा आणखी एक पुरावा डहाणूच्या किनाऱ्यावर नाकाला मिळतो. ताज्या माशाला फारसा वास नसतो. मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथिल अमाइन तयार होते, आणि बोंबील वाळत घातलेल्या वाटेने जाताना जो वास येतो त्यात मोठा वाटा याचाच. याचा उत्कलनांक अवघा ३ अंश. याच्याइतकेच आणि हेच अणू असलेले प्रोपिल अमाइन मात्र ४८ अंशांना उकळते. फरक तोच : प्रोपिल अमाइनमध्ये नायट्रोजनला दोन हायड्रोजन चिकटलेले आहेत, ट्रायमिथिल अमाइनमध्ये एकही नाही. म्हणून ते धरले जात नाही, उडते आणि नाकात शिरते. कालवणात आमसूल किंवा चिंच टाकली की वास मरतो, त्याचेही हेच शास्त्र. आम्लातला हायड्रोजन या अमाइनला जाऊन चिकटतो, त्याला पूर्ण धन भार येतो, आणि भारित कण पाणी सोडून हवेत उडू शकत नाही. आमच्या आयाबहिणींनी हा प्रयोग डिबायच्या कितीतरी आधी केला आहे.

असो. भट्टीकडे परत वळू. आंबवणात वजनाने शेकडा पाच भाग मद्यार्क असेल, तर ते ७८ अंशांना उकळत नाही आणि १०० लाही नाही. साधारण ९५ अंशांना उकळू लागते. त्या वेळी निघणाऱ्या वाफेत मात्र सुमारे एक तृतीयांश मद्यार्क असतो. थंड भांड्यावर ही वाफ निवली की झाली पहिली धार. ती निघून गेल्यावर हंड्यात मद्यार्क कमी उरतो, म्हणून पुढची वाफ पाणचट. पुन्हा पुन्हा गाळत गेले तरी शेकडा ९५.६ च्या पुढे जाता येत नाही. त्या प्रमाणाला वाफ आणि द्रव यांची घडण एकच होते आणि ऊर्ध्वपातनाचे हात टेकतात.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एथॅनॉलचे एक धाकटे भावंड आहे, मेथॅनॉल. कारखान्यांत ते द्रावक म्हणून आणि इतर रसायने बनवण्यासाठी वापरतात. दिसायला पाण्यासारखे, वास मद्यार्कासारखा. ध्रुवीयता दोघांची सारखीच, १.७ डिबाय, हायड्रोजनचा हातही दोघांना एकच. पण मेथॅनॉलला कार्बन एकच असल्यामुळे लंडनची ओढ कमी पडते आणि ते ६४.७ अंशांनाच उकळते. यावरून जाणत्या लोकांतही एक समजूत पसरली आहे : मेथॅनॉल आधी उकळते, म्हणजे ते आधी निघून जाईल, तेव्हा पहिल्या चार थेंबांचा देवाला आणि धरतरीला नैवेद्य दाखवला की पुढची दारू निर्धोक.

ही समजूत घातक आहे, आणि ती का चुकते ते ध्रुवीयतेनेच कळते. ६४.७ हा आकडा शुद्ध मेथॅनॉलचा आहे, म्हणजे मेथॅनॉलने मेथॅनॉलला किती धरले याचा. भट्टीत ते एकटे नसते. भोवती पाण्याचा समुद्र असतो. तेथे प्रश्न असा की पाण्याने कोणाला किती धरले? एथॅनॉलला कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी आहे. ती अध्रुवीय, म्हणून पाण्याला नकोशी. मेथॅनॉलची शेपटी आखूड, म्हणून पाणी त्याला अधिक आपलेपणाने सामावून घेते. परिणाम असा की भरपूर पाण्यात दोन्ही थोडी थोडी विरघळलेली असली, तर पाणी सोडून जाण्याची घाई मेथॅनॉलपेक्षा एथॅनॉललाच जास्त असते. मेथॅनॉल पहिल्या धारेत गोळा होत नाही. ते पहिल्यापासून शेवटच्या धारेपर्यंत पसरलेले राहते. चार थेंब सांडून ते जात नाही.

निव्वळ फुलांच्या आंबवणात मेथॅनॉल फार थोडे असते. माणसे दगावतात ती कोणी कारखान्यातले मेथॅनॉल दारूत मिसळल्यामुळे, किंवा दारू म्हणून तेच विकल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत शंभराहून अधिक माणसे अशी गेली. आमच्या सीमेपलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे. तेथे जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक, आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसच्या वर. गेले ते बहुतेक हातावर पोट असलेले लोक. अशा दारूत तर भट्टीचा प्रश्नच येत नाही. मेथॅनॉल पाण्यात कालवले की विक्रीला तयार.

हे मी पाड्यावरच्या एका मामांना सांगत होतो. ते म्हणाले, "आम्ही काडी लावून बघतो ना रे. निळी पेटली म्हणजे चांगली." मला सांगावे लागले की मेथॅनॉलही पेटते, आणि निळ्याच ज्योतीने पेटते, भर उन्हात तर ती ज्योत दिसतसुद्धा नाही. जीभ, नाक आणि काडी या तिघांनाही या दोन भावंडांतला फरक ओळखता येत नाही. तो ओळखते ते यकृत, आणि तेही उशिरा. यकृतातले विकर मेथॅनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवते. ज्याच्यामुळे लाल मुंगीचा चावा झोंबतो तेच हे आम्ल. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालते. दहा मिलिलिटर मेथॅनॉलही दृष्टी घालवू शकते, आणि तीस मिलिलिटर जीव.

मामांनी मग विचारले, "मग कळायचे कसे?" पिण्याआधी कळत नाही. प्यायल्यावर सुरुवातीचे काही तास नेहमीच्या नशेसारखेच जातात, आणि बारा ते चोवीस तासांनी उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके येऊ लागते. नशा उतरायच्या वेळी दिसणे अंधुक झाले तर ताक-लिंबू पाजत घरी बसू नये. थेट रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायला ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. तेथे रक्त शुद्ध करण्याचे यंत्र लावतात, आणि विकराला अडवणारे औषध देतात. ते औषध हाताशी नसेल तेव्हा डॉक्टर रक्तातली पातळी मोजत शुद्ध एथॅनॉलच देतात. यकृताचे ते विकर मेथॅनॉलपेक्षा एथॅनॉलवर अधिक लुब्ध असते; ते त्यात गुंतून पडते आणि तेवढ्या वेळात मेथॅनॉल, आम्ल न बनता, श्वासावाटे, लघवीवाटे आणि यंत्रावाटे बाहेर निघते. हे ऐकून मामा हसले आणि म्हणाले, "म्हणजे वरून आणखी एक पेला घ्यायचा." म्हणून येथे स्पष्ट लिहितो : हा उपाय घरी करण्याचा नाही. घरच्या पेल्यात काय आहे हेच तर आपल्याला ठाऊक नसते.